पबमध्ये टेबल नाकारलं, पण शिवी कुणी दिली नाही: ब्रिटनमध्ये याला वंशभेद म्हणता येतं का?

प्रश्न असा आहे: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. नाशिकहून आई-बाबा आले आहेत, म्हणून गेल्या रविवारी दुपारी आम्ही चौघं एका पबमध्ये जेवायला गेलो. दारातच ‘बुकिंग नसेल तर टेबल नाही’ असं सांगितलं. आमच्या मागून आलेल्या चार गोऱ्या माणसांना मात्र बुकिंगचं काही न विचारता आत नेलं. हे बोलून दाखवल्यावर आम्हाला स्वच्छतागृहाच्या दाराशेजारचं टेबल मिळालं. ऑर्डर देतानाच पैसे मागितले. शेजारच्या टेबलांनी जेवण झाल्यावर दिले. आवाज कुणी चढवला नाही, वर्णावरून कुणी बोललं नाही. हा वंशभेद ठरतो का, आणि तक्रारीचा काही उपयोग असतो का?

उत्तर: ठरू शकतो, आणि उपयोगही असतो. मात्र पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुम्ही काय काय गोळा केलंत, यावर बरंच अवलंबून आहे.

शिवी नसणं ही अडचण नाही. इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० या समानतेच्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रश्न दोनच: तुमच्यासारख्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला जशी वागणूक मिळाली, किंवा मिळाली असती, त्यापेक्षा तुम्हाला वाईट मिळाली का; आणि ती वंशामुळे मिळाली का. समोरच्याच्या मनात द्वेष होता हे दाखवावं लागत नाही. ‘भारतीय कुटुंब म्हणजे फार वेळ बसतील आणि दारू घेणार नाहीत’ असा नकळत केलेला हिशेबही पुरतो. कलम ९ मध्ये ‘वंश’ या शब्दात रंग, राष्ट्रीयत्व आणि वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ हे सगळं येतं, त्यामुळे आई-बाबांचा भारतीय पासपोर्टही त्यात बसतो. ते व्हिजिटर व्हिसावर आहेत म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही.

कलम २९ दुकान, पब, हॉटेल, बँक, टॅक्सी अशा सगळ्या सेवांना लागू आहे. ते फक्त सेवा नाकारण्यापुरतं आहे असं अनेकांना वाटतं. कलम ३१ चं सातवं पोटकलम त्यांनी वाचलेलं नसतं. एरवी लोकांना ज्या दर्जाची, ज्या रीतीनं आणि ज्या अटींवर सेवा दिली जाते, तशी न देणं हेसुद्धा सेवा न देण्यातच मोडतं. म्हणजे शेवटी टेबल मिळालं, जेवलात, बिल भरलंत, म्हणून विषय संपत नाही. ‘प्रवेशाचे सर्व हक्क राखीव’ छापाची पाटी दारावर असली तरी ती या कायद्याच्या वर नाही.

हे संरक्षण सहज आलेलं नाही. १९४३ मध्ये वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी लंडनला आले होते. रसेल स्क्वेअरच्या इंपीरियल हॉटेलात रीतसर बुकिंग असूनही त्यांना मुक्काम हलवायला सांगितलं गेलं. १९४४ मध्ये ते खटला जिंकले, तेही वंशभेदाविरुद्धच्या कायद्यावर नव्हे, कारण तसा कायदाच नव्हता. मुक्कामाला आलेल्या प्रवाशाला योग्य कारणाशिवाय परत पाठवता येत नाही, या जुन्या नियमावर निकाल लागला. भरपाई मिळाली ५ गिनी. पब-हॉटेलांना लागू होणारा पहिला रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट १९६५ चा. वस्तू आणि सेवांचं मोठं क्षेत्र १९६८ मध्ये त्यात आलं. आणि माणसाला स्वतः कोर्टात जायचा थेट हक्क १९७६ च्या कायद्यानं दिला.

आता तुमच्या रविवारकडे येऊ. तुम्ही एक प्रसंग सांगितला आहे, पण त्यात तीन घटना आहेत आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

दारातली घटना सगळ्यात भक्कम. तुम्ही चौघं, तेही चौघं; वेळ तीच, दार तेच. कायद्याला हवी असलेली तुलना यापेक्षा चांगली क्वचित मिळते. पबकडून ठराविक उत्तर येईल: ‘त्यांचं बुकिंग होतं.’ हे खरंही असू शकतं. रविवारच्या रोस्टसाठी, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या खास जेवणासाठी, लोक सकाळी फोन करून ठेवतात, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला दारात नाव विचारत नाहीत. पण बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंद कधी केली याची वेळ राहते. त्यामुळे ‘बुकिंग होतं’ एवढ्यावर थांबायचं नाही. नोंद किती वाजता झाली ते विचारायचं. तुम्हाला नाकारल्यानंतर पाच मिनिटांनी झालेली नोंद असेल, तर ती त्यांच्याच अंगाशी येते.

(पुढे कधी असं झालं तर तिथल्या तिथे एक करता येतं. बाहेर येऊन पाच-दहा मिनिटांत एखाद्या गोऱ्या मित्राला त्या पबला फोन करायला सांगा: आत्ता, चार जण, बुकिंग नाही, टेबल मिळेल का? ‘या’ असं उत्तर आलं तर कॉल लॉगमधली वेळ आणि मित्राचं चार ओळींचं निवेदन हा उत्तम पुरावा होतो. त्यानं खोटं नाव सांगायची किंवा नाटक करायची काही गरज नाही.)

स्वच्छतागृहाशेजारचं टेबल हा मुद्दा एकटा फार चालत नाही. ते टेबल कुणाला तरी द्यावंच लागतं. त्या वेळी चांगली टेबलं रिकामी होती आणि नंतर आलेल्यांना ती दिली गेली, हे दाखवता आलं तरच त्याला अर्थ येतो.

पैसे आधी मागण्याचा मुद्दा तर पबच्या बाबतीत जरा जपून मांडा. इंग्लंडमधल्या बऱ्याच पबांत बारवर ऑर्डर द्यायची आणि तिथेच पैसे भरायचे हीच रीत असते. शेजारच्यांनी सुरुवातीला कार्ड देऊन खातं उघडलं असेल, ज्याला इथे टॅब म्हणतात, तर ते शेवटी भरणारच. तुम्हाला टॅबचा पर्याय दिलाच नाही आणि बाकीच्यांना दिला, असं असेल तर मुद्दा पक्का. तुम्ही मागितला आणि नाकारला असेल तर आणखी पक्का. हे तपासल्याशिवाय पत्रात पैशाचा मुद्दा सगळ्यात वर टाकलात, तर मॅनेजर त्या एका मुद्द्याचं सरळ उत्तर देईल आणि दाराचा मुद्दा तोंडी लावायलाही घेणार नाही.

जेवणाची पावती जपून ठेवली आहे ना? ती छोटी दिसते, पण कामाची असते. टेबल नंबर, किती जणांचं टेबल, ऑर्डर घेणाऱ्याचं नाव किंवा नंबर आणि वेळ, असं त्यावर बहुतेक वेळा छापलेलं असतं. ऑर्डर आणि पैसे यांच्या वेळा एकच असतील, तर पैसे आधी घेतल्याचा पुरावा तुमच्या खिशातच आहे. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून आजच फोटो काढा. पावती फेकली असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधली नोंद घ्या. पबच्या बिलिंग सिस्टीममध्ये त्या दुपारचं प्रत्येक टेबल कधी उघडलं आणि कधी मिटलं हे असतंच. ते जपून ठेवायला पत्रात सांगायचं.

आज रात्री चौघांनी आपापली आठवण लिहून काढा, आणि एकमेकांचं न बघता. चार निवेदनांत तीच वाक्यं आली की ती घोकून घेतल्यासारखी वाटतात. बारीकसारीक फरक असले तर उलट विश्वास बसतो. किती वाजता पोहोचलात, दारात कोण होतं, कपडे काय होते, मागचे चौघं किती मिनिटांनी आले, कोण काय म्हणालं. इंग्रजीत बोललेली वाक्यं इंग्रजीतच, जशीच्या तशी लिहा. ‘उर्मटपणे सांगितलं’ हा तुमचा निष्कर्ष झाला. लिहून झालं की फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारीख ठरून जाते.

आई-बाबांनी मराठीतच लिहावं. कोर्टात साक्षीदाराचं निवेदन त्याच्या स्वतःच्या भाषेत असावं लागतं, आणि इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह सोबत जोडावं लागतं. मुलानं इंग्रजीत लिहायचं आणि आईनं खाली सही करायची, हे करू नका. उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला ते कोसळतं. आई-बाबा परत जाण्याआधी मूळ मराठी निवेदनावर सही आणि तारीख घेऊन ठेवा.

यानंतरचं काम सीसीटीव्हीचं, आणि ते सगळ्यात घाईचं. बहुतेक ठिकाणी महिनाभराच्या आत चित्रण आपोआप पुसलं जातं, कुठे कुठे दोन आठवड्यांत. तुमचं चित्रण हा तुमचा वैयक्तिक डेटा असल्यामुळे यूके जीडीपीआर या डेटा संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १५ खाली तुम्ही तो फुकट मागू शकता. सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात ती हीच. त्यासाठी ठराविक फॉर्म लागत नाही. साधा ईमेल पुरतो. तारीख, वेळेची मर्यादा (उदाहरणार्थ दुपारी १२.४५ ते २.४५), कोणते कॅमेरे (दार आणि बार), तुमचे त्या दिवशीचे कपडे आणि एक फोटो द्या. ‘हे चित्रण, बुकिंगच्या नोंदी आणि बिलिंगच्या नोंदी पुसू नयेत’ असं वेगळ्या ओळीत लिहा. उत्तरासाठी त्यांना एक महिना असतो. ‘त्यात दुसरी माणसं दिसतात’ हे सरसकट नकाराचं कारण होत नाही, चेहरे पुसट करून देता येतात. तुमचं पत्र मिळाल्यानंतरही चित्रण ‘चुकून’ पुसलं गेलं, तर त्याचं काय होतं ते खाली येतं.

ईमेल कुणाला करायचा, इथे बरेच जण घसरतात. पाटीवर एक नाव असतं, चालवणारी कंपनी वेगळी असते, आणि साखळीतल्या कित्येक पबांत ती जागा एखादा भाडेकरू-चालक चालवतो. चुकीच्या कंपनीवर दावा लावला तर ‘आमचा संबंध नाही’ असे हात वर होतात आणि महिने जातात. दारू विकणाऱ्या जागेत परवान्याचा सारांश दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. त्यावर परवानाधारकाचं आणि जबाबदार व्यक्तीचं नाव असतं, त्याचा फोटो घ्या. पावतीवरचं कंपनीचं नाव कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणीच्या, साइटवर फुकट तपासता येतं. दोघांपैकी नक्की कोण हे कळत नसेल तर पत्र दोघांना पाठवा. कर्मचाऱ्याच्या वागणुकीला मालक जबाबदार असतो (कलम १०९). ‘ती पोरगी नवीन होती’ हा बचाव नाही. असं घडू नये म्हणून सगळे वाजवी उपाय केले होते, हे मालकाला सिद्ध करावं लागतं.

तक्रारीचं पत्र एका पानात बसवा. पहिल्याच ओळीत ‘तुम्ही रेसिस्ट आहात’ असं लिहिलेलं पत्र थेट वकिलाकडे जातं आणि मधला माणूस बोलायचा बंद होतो. आधी घटना वेळेसह, मग फरक, मग कायदा (कलम १३ आणि २९), मग प्रश्न. प्रश्नच पत्राचा कणा असतात: मागून आलेल्या चौघांचं बुकिंग होतं का, त्याची नोंद किती वाजता झाली, आम्ही आलो तेव्हा चार जणांची किती टेबलं मोकळी होती, त्या दुपारी बुकिंग नसलेल्या किती गटांना बसवलं, टॅब कुणाला द्यायचा हे कोण आणि कशावरून ठरवतं, दारातल्या कर्मचाऱ्याला समानतेचं प्रशिक्षण कधी दिलं. पूर्वी यासाठी कायद्यात ठरलेली प्रश्नावली होती. ती एप्रिल २०१४ मध्ये रद्द झाली. प्रश्न विचारायला मात्र आजही आडकाठी नाही, आणि टोलवाटोलवीच्या उत्तरांतून कोर्ट निष्कर्ष काढू शकतं. उत्तराला १४ दिवस द्या आणि तुम्हाला काय हवं ते शेवटी स्पष्ट लिहा: लेखी माफी, प्रशिक्षण, अमुक पाउंड.

या प्रश्नांवर एवढा भर का? वागणुकीत फरक आणि वंशात फरक, एवढं दाखवल्यानं खटला उभा राहत नाही, हे अपील कोर्टानं २००७ च्या मॅदरासी खटल्यात स्पष्ट केलं आहे. आणखी काहीतरी लागतं. ते ‘काहीतरी’ बहुतेक वेळा पबच्याच उत्तरांतून मिळतं. दारात कारण होतं बुकिंग, ईमेलमध्ये झालं ‘स्वयंपाकघरात माणसं कमी होती’, वकिलाच्या पत्रात झालं ‘मोठ्या गटांना टेबल नव्हतं’. चार माणसं मोठा गट कधीपासून झाली? बदलती कारणं, नोंदींशी न जुळणारं उत्तर, मागणी पोहोचल्यावर पुसलेलं चित्रण, अशा गोष्टी जमल्या की कलम १३६ प्रमाणे ओझं उलटतं. मग वंश हे कारण नव्हतं हे पबला सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं. म्हणूनच दारात भांडून त्यांना सावध करण्यापेक्षा त्यांना शांतपणे, लेखी आणि वेगवेगळ्या वेळी बोलू देण्यात फायदा असतो.

मुदत सहा महिने, आणि घटनेचा दिवस त्यात धरला जातो. ८ जूनची घटना असेल तर दावा ७ डिसेंबरपर्यंत कोर्टात दाखल व्हायला हवा. हेड ऑफिसशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. ‘चौकशी सुरू आहे, २८ दिवसांत कळवू’ अशी चार पत्रं आली की पाच महिने जातात. कोर्ट न्याय्य वाटल्यास मुदत वाढवू शकतं, पण त्यावर विसंबू नका. चार महिने झाले की वाटाघाटी चालू ठेवून दाव्याचे कागद तयार करायला घ्या.

दावा इंग्लंड-वेल्समध्ये काउंटी कोर्टात, एन१ फॉर्मवर. यात दोन गोष्टी वकिलांच्याही नजरेतून सुटतात. दावा लावल्याची नोटीस समानता आणि मानवी हक्क आयोगाला द्यावी लागते आणि तिची प्रत कोर्टात भरावी लागते. दुसरं म्हणजे, नको म्हणायला चांगलं कारण नसेल तर न्यायाधीशानं सोबत असेसर, म्हणजे मदतीला एक जाणकार, घ्यायचा असतो. १०,००० पाउंडांपर्यंतचा दावा साधारणपणे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या ट्रॅकवर, जातो. तिथे हरलात तरी समोरच्याच्या वकिलाची फी सहसा अंगावर येत नाही. मात्र प्रकरण गुंतागुंतीचं वाटलं तर न्यायाधीश ते वरच्या ट्रॅकवर टाकू शकतात, आणि तिथे हरणाऱ्यानं खर्च द्यायचा असतो. तसं होताना दिसलं तर पुढे जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच. इक्वॅलिटी अ‍ॅडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिस आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस फुकट मार्गदर्शन करतात. उत्पन्न कमी असेल तर कोर्ट फीत सवलत मिळते.

भरपाई भावनांना झालेल्या इजेसाठीही मिळते, पैशाचं नुकसान दाखवावं लागत नाही. मोजमाप ‘व्हेंटो’ टप्प्यांनी होतं. ते आहेत नोकरीच्या ट्रायब्यूनलचे, पण काउंटी कोर्टही तेच पाहतं. एप्रिल २०२५ च्या आकड्यांप्रमाणे खालचा टप्पा १,२०० ते १२,१०० पाउंड होता. एकदाच घडलेली, शिवीगाळ नसलेली घटना त्या टप्प्याच्या खालच्या भागात बसते. चौघांपैकी प्रत्येकाचा दावा स्वतंत्र असतो. तुमच्या आई-बाबांसमोर हे घडलं, यापेक्षा आई-बाबांसोबत हे घडलं, असं मांडा.

दुकानातला पाठलाग, पिशवी तपासणं, क्लबच्या दारातला बाउन्सर यांनाही हीच पद्धत लागू पडते, फक्त पुरावा बदलतो. दुकानातल्या सुरक्षारक्षकाला तुमच्या संमतीशिवाय पिशवी तपासायचा अधिकार नाही. ‘सगळ्यांची तपासता का?’ असं विचारा आणि पुढच्या दहा जणांचं काय होतं ते दारात उभं राहून मोजा. बाउन्सरकडे एसआयएचा, म्हणजे सुरक्षारक्षकांना परवाना देणाऱ्या संस्थेचा, बिल्ला दिसेल असा लावलेला असावा लागतो. त्यावरचा १६ आकडी नंबर टिपला की ‘त्या दिवशी कोण होतं आठवत नाही’ हे उत्तर संपतं. दारूसाठी वय विचारणं हे ‘पंचविशीच्या आतला दिसला तर ओळखपत्र मागा’ या चॅलेंज २५ धोरणात येतं आणि ते चुकीचं नाही. रांगेतल्या फक्त सावळ्या पोरांनाच विचारलं तर प्रश्न उभा राहतो. आपसात मराठी बोलताय म्हणून ‘इथे इंग्लिश बोला’ असं वेटरनं सुनावणं कलम २६ खाली छळात बसू शकतं. शिवी, धमकी किंवा अंगावर येणं झालं तर तो फौजदारी मामला आहे: पोलिसांना १०१ ला, जिवाला धोका असेल तर ९९९ ला फोन करा आणि ‘वंशद्वेषी घटना म्हणून नोंदवा’ असं सांगा.

मालक देशी असला तरी कायदा हाच. इथल्या देशी मालकांच्या दुकानांत आफ्रिकी गिऱ्हाइकामागे नोकर लावला जातो, तेही याच कलमात येतं. जातीवरून भेद झाला तर उत्तर जरा अडचणीचं आहे. २०१३ च्या दुरुस्तीनं जात हा वंशाचा भाग करायचं सरकारवर बंधन घातलं होतं, पण २०१८ मध्ये सरकारनं तसं न करता कोर्टाच्या निकालांवर सोपवायचं ठरवलं. २०१४ च्या तिर्की खटल्यातल्या अपिली निकालाप्रमाणे जात जिथे वांशिक मुळाशी जोडता येते तिथे संरक्षण मिळू शकतं. दावा लावताना जातीचं नाव घ्या, पण बांधणी वांशिक मुळाच्या मुद्द्यावर करा.

ऑनलाइन रिव्ह्यू लिहायचा मोह आवरा, निदान पत्राचं उत्तर येईपर्यंत. तुमचं स्वतःचं संभाषण स्वतःसाठी रेकॉर्ड करायला हरकत नाही. ते कर्मचाऱ्याच्या नावासह टाकणं वेगळी गोष्ट. बदनामीच्या दाव्यात कंपनीला गंभीर आर्थिक नुकसान दाखवावं लागतं, कर्मचाऱ्याला तसं लागत नाही. शिवाय रिव्ह्यू पडला की तडजोडीत तुमच्या हातातलं एक पान गेलं. लिहायचंच असेल तर वेळ, संख्या आणि घडलेलं तेवढंच लिहा.

बहुतेक प्रकरणं कोर्टाबाहेर मिटतात. ५० पाउंडांचं व्हाउचर आलं की सोबतची ओळ नीट वाचा. ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ (पूर्ण आणि अखेरची तडजोड) असं असेल आणि तुम्ही ते वापरलंत, तर तिथेच दावा संपल्याचं ते म्हणतील. नको असेल तर लेखी परत पाठवा. खरी तडजोड झाली तर रक्कम, देण्याची तारीख, माफीचा मजकूर आणि गुप्ततेची मर्यादा हे चारही एकाच कागदावर घ्या, आणि गुप्ततेच्या अटीतून घरचे, डॉक्टर आणि पोलिस यांना वगळलंय हे सहीपूर्वी बघा. स्कॉटलंडमध्ये हाच कायदा आहे, पण दावा शेरिफ कोर्टात. उत्तर आयर्लंडमध्ये १९९७ चा वेगळा रेस रिलेशन्स ऑर्डर लागू आहे, तिथे हे फॉर्म आणि कलमं वापरू नका.